पाठशाळा

जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला भाषेचा पहिला दणका व्याकरणाच्या वर्गात बसत नाही, ऑफिसच्या कँटीनमध्ये बसतो. समोरचा पन्नाशीचा सहकारी सूपचा वाडगा खाली ठेवतो, एक हात कमरेवर नेतो आणि तोंड वाकडं करून सांगतो, ‘इश हाब र्‍युकन.’ शब्दशः अर्थ, ‘मला पाठ आहे.’ पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात तीन पातळ्या पार करून आलेला माणूस चक्रावतो. पाठ तर सगळ्यांनाच असते, ती जाहीर कशाला करायची? दोन-चार महिन्यांनी उलगडा होतो. आपल्याकडे ‘काकांना शुगर आहे’ म्हटल्यावर कोणी वाटी घेऊन साखर मागायला जात नाही, तसंच हे. जर्मनीत पाठ असणं म्हणजे पाठ दुखणं. न दुखणारी पाठ ही तिथे दखल घेण्याजोगी गोष्टच नाही.

हे वाक्य घराघरांत पोचवलं हापे केर्केलिंग या विनोदी नटाने. त्याने रंगवलेला होर्स्ट श्लेमर हा ग्रेवेनब्रोख गावातल्या एका काल्पनिक वर्तमानपत्राचा उपमुख्य संपादक. मिशा, चुरगळलेला कोट, हातात पुरुषी पर्स आणि तोंडी सतत पाठीचं रडगाणं. २००९ साली आलेल्या चित्रपटात हा गृहस्थ थेट चॅन्सेलरपदासाठी उभा राहिला. त्याने पाठीचा पक्ष काढला असता तर सरकार नक्की आलं असतं. रॉबर्ट कोख संस्थेच्या २०१९-२० च्या पाहणीत ६१.३ टक्के प्रौढ जर्मनांनी मागच्या बारा महिन्यांत पाठ दुखल्याचं सांगितलं. युद्धानंतरच्या जर्मनीत मतांचा विक्रम आहे चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या पक्षयुतीचा, १९५७ सालचा, आणि तो ५०.२ टक्क्यांवर थांबलाय.

दुखणं अचानक आलं तर त्याला वेगळं नाव आहे : हेक्सनशुस, म्हणजे चेटकिणीने मारलेला बाण. खाली पडलेला पायमोजा उचलायला माणूस वाकतो आणि वाकलेलाच राहतो. इतका अचूक नेम कोणाचा असेल, असा विचार जुन्या लोकांनी केला आणि आळ चेटकिणीवर गेला. मराठीत हाच प्रकार ‘उसण भरली’ या दोन शब्दांत उरकतो. कोणी भरली, कशाने भरली, याची चौकशी मराठी भाषा करत नाही, पण उपाय मात्र ठाम सांगते. पायाळू माणूस गाठायचा, म्हणजे जन्मताना जो आधी पायांनी जगात आला असा, आणि त्याला उसणीच्या जागी पाय लावायला सांगायचा. आता स्टुटगार्टमध्ये पायाळू माणूस आणायचा कुठून? खासगी माहितीच्या बाबतीत हा देश इतका हळवा, की शेजाऱ्याला ‘तुम्ही कसे जन्मलात’ असं विचारायचीही चोरी.

या दुखण्याची खरी सुगी सुरू झाली २०२० च्या मार्चमध्ये. कार्यालयं बंद झाली आणि देश ‘होमऑफिस’मध्ये गेला. इंग्लंडमध्ये होम ऑफिस म्हणजे गृहखातं. जर्मनीत होमऑफिस म्हणजे स्वयंपाकघर. २७ जानेवारी २०२१ पासून तर सरकारने फर्मानच काढलं, की जिथे शक्य आहे तिथे मालकांनी घरून काम करू दिलंच पाहिजे. महासाथ ओसरली, फर्मान मागे घेतलं, सवय राहिली. आजही साधारण पाव नोकरदार निदान काही दिवस घरून काम करतात.

म्युनिक-फ्रँकफुर्टकडच्या मराठी जोडप्यांच्या दोन खोल्यांत तेव्हा काय चित्र होतं? नवरा जेवणाच्या टेबलाशी, बायको झोपायच्या खोलीत इस्त्रीच्या बोर्डाशी. इस्त्रीचा बोर्ड हे जगातलं सर्वांत स्वस्त वरखाली होणारं डेस्क आहे, हा शोध त्या वर्षी अनेक घरांत स्वतंत्रपणे लागला. लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर आणायला खाली जर्मन व्याकरणाची पुस्तकं, जी परीक्षा पास झाल्यापासून कोणी उघडलेली नव्हती. बसायला घडीची खुर्ची, पाहुण्यांसाठी घेतलेली. पाहुणा दोन तास बसून निघून जातो, या हिशोबानेच ती बनवलेली असते. त्यात मराठी माणसाची खोड अशी, की तो खुर्चीवरसुद्धा मांडी घालतो. मीटिंगमध्ये कॅमेऱ्यापुढे इस्त्रीचा शर्ट आणि गंभीर चेहरा, खाली टेबलाआड एक पाय मांडीखाली आणि दुसरा लोंबकळता.

अशा माणसाच्या पाठीची जबाबदारी कोणाची, याचं उत्तर जर्मन कायद्यात अर्थातच आहे. कामाच्या जागांविषयीच्या नियमावलीत २०१६ साली ‘दूरकामाची जागा’ याची व्याख्या घातली गेली. मालकाने करार करून तुमच्या घरात टेबल, खुर्ची, मॉनिटर मांडून दिला तर ते दूरकाम, आणि मग खुर्चीचे सगळे नियम लागू. नुसता लॅपटॉप हातात देऊन ‘जा, बस कुठेही’ म्हटलं तर ते ‘फिरतं काम’, आणि मग ती नियमावली तुमच्या घडीच्या खुर्चीकडे ढुंकूनही बघत नाही. माणूस स्वयंपाकघरातून इंचभर हललेला नसतो, पण कायद्याच्या दृष्टीने तो फिरत असतो. प्राप्तिकर खातं मात्र थोडं कनवाळू. घरून काम केल्याच्या दर दिवसामागे २०२० साली पाच युरो उत्पन्नातून वजा करता येत, वर्षाला फार तर ६००. २०२३ पासून सहा युरो, आणि मर्यादा १,२६०.

होमऑफिस आणि पाठ यांचं सर्वांत गाजलेलं प्रकरण कासेलच्या केंद्रीय सामाजिक न्यायालयात संपलं. एक विक्री व्यवस्थापक सकाळी झोपायच्या खोलीतून खालच्या मजल्यावरच्या आपल्या कामाच्या खोलीकडे निघाला. मधे गोल जिना. तो घसरला आणि पाठीचा एक मणका मोडला. प्रश्न असा, की हा कामावरचा अपघात की घरातला? विमा संस्था म्हणाली, घरातला. आखेनच्या न्यायालयाने माणसाच्या बाजूने कौल दिला, वरच्या न्यायालयाने तो फिरवला. शेवटी ८ डिसेंबर २०२१ रोजी कासेलने निर्णय दिला : पलंगापासून टेबलापर्यंतचा सकाळचा पहिला प्रवास हा कामाचाच भाग, म्हणून विमा लागू. या निकालात एक तपशील मोलाचा होता. हा गृहस्थ न्याहारी न करता सरळ कामाला बसत असे. म्हणजे तो आधी चहा टाकायला वळला असता तर वकिलांना वेगळाच वाद घालावा लागला असता. मराठी घरांत पहिल्या चहाशिवाय कोणी जिना उतरत नाही. त्यांनी आपापल्या विम्याचा विचार करून ठेवावा.

घरून काम करणारा जर्मन माणूस हा काही करोनाने निर्माण केलेला नाही. वायमारमध्ये गटेचं बागेतलं घर आहे, १७७६ साली मिळालेलं. तिथे त्याचं उभ्याने लिहायचं मेज बघायला मिळतं आणि त्यापुढे घोड्यावर बसावं तसं बसायचं एक लाकडी आसन. आज सातशे युरोंना मिळतं ते ‘उभं-बसतं’ डेस्क या कवीने विजेच्या बटणाशिवाय जमवलं होतं.

पण पाठीचा खरा हेडमास्तर लाइपझिगचा. डॉ. मोरित्झ श्रेबर, जन्म १८०८, मृत्यू १८६१. या डॉक्टरांनी १८५५ साली घरातल्या घरात, कोणत्याही उपकरणाशिवाय करायच्या व्यायामांचं पुस्तक काढलं आणि ते इतकं खपलं, की त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, इतर भाषांतही गेलं. इथपर्यंत ठीक होतं. पण तीन वर्षांनी मुलांच्या संगोपनावर लिहिताना त्यांनी ‘गेराडहाल्टर’ नावाचं यंत्र पुढे केलं : टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवायची लोखंडी पट्टी. मूल लिहिताना पुढे झुकलं की ती छातीला टोचायची, म्हणून मूल निमूट ताठ बसायचं. आपल्याकडे हे काम आजीच्या आवाजावर भागतं. ‘ताठ बस, कुबड येईल’ या चार शब्दांना स्क्रू लागत नाही आणि पोचायला दिवाणखान्यापासून माजघरापर्यंत अर्धा सेकंद पुरतो.

दैवाचा विनोद असा, की या ताठ माणसाचं नाव आज जर्मनीत ऐसपैस पसरण्याशी जोडलं गेलंय. त्यांच्या मृत्यूनंतर १८६४ साली लाइपझिगमधल्या एका शाळाप्रमुखाने मुलांच्या खेळासाठी मंडळ काढलं आणि त्याला श्रेबरांचं नाव दिलं. खेळाच्या मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे केले, मग मुलं कंटाळली आणि वाफे आईबापांनी घेतले. त्यातून ‘श्रेबरगार्टन’ उभे राहिले, शहराच्या कडेला भाड्याने मिळणारे बागेचे चिमुकले तुकडे. रविवारी तिथे जाऊन बघा. अर्धे लोक तण उपटायला कमरेत वाकलेले, उरलेले अर्धे आरामखुर्चीत आडवे. ताठ बसलेला एकही नाही.

खुर्चीच्या इतिहासातही जर्मनांचा हात आहेच. वीसबाडेनच्या फ्रान्झ श्टाफेल या अस्थितज्ज्ञाने १८८४ साली कमरेच्या पोकळीला टेकू देणारी खुर्ची सुचवली. आजच्या प्रत्येक ऑफिसखुर्चीतला तो फुगीर भाग त्या कुळातला. आता खुर्चीला डिन ई-एन १३३५ नावाचं मानक आहे, पाय पाच हवेत. शिवाय पाठीच्या आरोग्यासाठी झटणारी एक संस्था चांगल्या वस्तूंना शिक्का देते : गाद्यांना, दप्तरांना, अगदी ओपेलच्या मोटारीतल्या आसनांनासुद्धा. दरवर्षी १५ मार्चला पाठीच्या आरोग्याचा दिवस साजरा होतो. पाठीचा वाढदिवस करणारा देश दुसरा सहसा सापडायचा नाही. एवढं करून खुर्चीचा सर्वांत उत्साही वापर मात्र हेसन राज्यातल्या बाद क्योनिग-झेल या गावात झाला. तिथे २००८ साली ऑफिसखुर्च्यांच्या शर्यती भरल्या. हेल्मेट घालायचं, गुडघ्या-कोपरांना गाद्या बांधायच्या आणि चाकाच्या खुर्चीवरून उतारावर सुटायचं. त्या खुर्चीवर आठ तास एका जागी बसण्यापेक्षा हे पाठीला कमी धोक्याचं की जास्त, यावर तज्ज्ञांनी अजून तोंड उघडलेलं नाही.

मराठी घरात मात्र या सगळ्या मानकांवर मात करतात सासूबाई. त्या नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात. बॅगेत महानारायण तेलाची बाटली तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि एका पायमोज्यात गुंडाळलेली असते, तरी ती थोडी सांडतेच आणि पुढची तीन वर्षं जावयाच्या हिवाळी कोटाला वैद्यांच्या दवाखान्याचा वास येतो. दुसऱ्या दिवशी तव्यावर जाडं मीठ तापतं, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली जाते आणि ‘पालथे पडा बघू’ असा हुकूम सुटतो. जावई ऑनलाइन मीटिंगमध्ये असला तर कॅमेरा बंद करून पालथा पडतो. शेजारच्या फ्लॅटमधली जर्मन आजी तेवढ्यात हेच करत असते, फक्त तिच्याकडे मिठाऐवजी चेरीच्या बियांची उशी असते, मायक्रोवेव्हमध्ये तापवलेली. आधी चेरीचा केक खायचा, मग बियांनी पाठ शेकायची. दोन्ही म्हाताऱ्यांना एकमेकींची भाषा येत नाही, पण जिन्यात भेटल्या की कमरेवर हात ठेवून त्यांचं तासभर चालतं.

औषधाच्या दुकानात आणखी एक आश्चर्य असतं. ‘आ-बे-त्से’ पट्टी, हाम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने १९२८ च्या सुमारास काढलेली. नाव पडलं तीन घटकांवरून : अर्निका, बेलाडोना आणि कॅप्सिकम. कॅप्सिकम म्हणजे मिरची. आजच्या पट्ट्यांत पहिल्या दोघी गेल्या, मिरची टिकून आहे. जर्मन माणूस मिरची खात का नाही, हे कोडं इथे सुटतं. तो ती पाठीला लावतो.

घरचं संपलं की डॉक्टर. तिथे मराठी माणसाची अपेक्षा असते, की लगेच एमआरआय निघेल आणि आठवडाभर झोपून राहायचा सल्ला मिळेल. दोन्ही मिळत नाहीत. कमरेच्या साध्या दुखण्यासाठी जर्मनीत राष्ट्रीय उपचार-मार्गदर्शिका आहे. २०१७ च्या आवृत्तीत तिने स्पष्ट सांगितलंय, की अंथरूण धरू नका, हिंडतेफिरते राहा आणि धोक्याची खूण नसेल तर फोटो काढायची घाई करू नका. (धोक्याच्या खुणा म्हणजे पडल्या-झडल्यानंतरचं दुखणं, ताप, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. यांतलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा, इथे विनोद नाही.) बाकीच्यांना फार तर व्यायामोपचाराची चिठ्ठी मिळते, बहुतेक वेळा सहा बैठकींची. त्यासाठी चिठ्ठीमागे दहा युरो आणि वर खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः भरायचा. नशीब जोरावर असेल तर सोबत ‘फांगो’ मिळतो. शब्द इटालियन, अर्थ चिखल. गरम मातीचा थर पाठीखाली पसरून माणसाला गुंडाळून ठेवतात. आपल्याकडे म्हशी हे विनाचिठ्ठी करतात.

आणि मग येते पाठशाळा. हा शब्द मराठीतला विनोद म्हणून बनवलेला नाही. जर्मन लोक खरोखरच त्याला ‘र्‍युकनशूल’ म्हणतात. र्‍युकन म्हणजे पाठ, शूल म्हणजे शाळा. (मराठीत मात्र शूल म्हणजे कळ, त्यामुळे दोन्ही भाषांत नाव चपखल.) कल्पना मूळची स्वीडनची, १९६९ सालची, पण शाळा काढण्याची हौस जर्मनांची मोठी. आठ-दहा आठवड्यांचा वर्ग असतो, आणि मान्यता असलेल्या वर्गाच्या फीचा बराच भाग आरोग्य विमा परत देतो, मात्र हजेरी भरलेली हवी. सतरंजी, जाड पायमोजे, कोमट पाण्याची बाटली. बाई सांगतात, ‘आता शिंप्यासारखे बसा.’ जर्मनमध्ये मांडी घालण्याला शिंप्याची बैठक म्हणतात. वर्गातले सगळे आशेने मराठी विद्यार्थ्याकडे बघतात, योगाच्या देशातून आलेला म्हणून. त्याची पंचाईत होते. खुर्चीवर एक पाय दुमडून बसणं वेगळं आणि जमिनीवर दोन्ही गुडघे टेकवून बसणं वेगळं. जर्मनीतल्या बारा वर्षांत जमिनीवर तो फक्त गणपतीत बसलेला असतो, तोही महाराष्ट्र मंडळाच्या भाड्याच्या हॉलमध्ये, आरती उभ्यानेच असल्यामुळे जेमतेम प्रसादापुरता.

पाठशाळेतल्या बाई मात्र श्रेबरांच्या पठडीतल्या नसतात. ‘ताठ बसा’ असं त्या म्हणत नाहीत. त्या म्हणतात, कसेही बसा, पण तसेच बसून राहू नका. पाठीला एकाच बैठकीचा कंटाळा येतो. हे ऐकून मराठी माणसाला घर आठवतं. चिंचवडच्या घरात सलग अर्धा तास बसण्याची कोणाची टाप होती? दूधवाला, पेपरवाला, कुकरची शिट्टी, पाणी आलं म्हणून भरा, पाणी गेलं म्हणून नळ बंद करा. जर्मनीत नळाला चोवीस तास पाणी, म्हणून माणूस चोवीस तास बसलेला.

तरी त्या देशात माणसाला उठवणाऱ्या दोन गोष्टी शिल्लक आहेत. एक म्हणजे ‘ल्युफ्टन’. भिंतीला बुरशी धरू नये म्हणून दिवसातून अनेकदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, बाहेर बर्फ पडत असला तरी. अनेक भाडेकरारांत हे लिहिलेलं असतं. घरमालकाला आपल्या भिंतीची काळजी असते, भाडेकरूच्या मणक्यांची नाही, पण फायदा दोघांनाही होतो. दुसरी गोष्ट म्हणजे पार्सल. इमारतीत दिवसा घरी कोण असतं, हे कुरिअरवाल्याला बरोबर ठाऊक असतं. तो चौथ्या मजल्यावरच्यांचं, तळमजल्यावरच्यांचं, सुट्टीवर गेलेल्यांचं, सगळ्यांचं सामान होमऑफिसवाल्याच्या दारात आणतो. उठा, सही करा, खोकं आत ओढा. संध्याकाळी खोक्याचा मालक घ्यायला आला की पुन्हा उठा. यातलं एखादं खोकं वीस किलोंचं असतं, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘उभं-बसतं डेस्क’ असं छापलेलं असतं.

ते खोकं उचलताना पाठीच्या आत नेमकं काय होतं, हेही जर्मनांनी मोजून ठेवलंय. उल्म विद्यापीठात हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी ४५ वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या एका धडधाकट स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चकतीत दीड मिलिमीटर जाडीचा दाबमापक बसवला आणि सुमारे २४ तास त्याला माणसासारखं जगायला लावलं. १९९९ साली आकडे छापून आले. मोटारीच्या टायरमधल्या हवेचा दाब साधारण ०.२५ मेगापास्कल असतो, हे मनात ठेवून ते वाचावेत. वीस किलोंचं ओझं पाठ वाकवून उचललं तर २.३, म्हणजे नऊ टायरांइतका. पाठशाळेत शिकवतात तसं गुडघे वाकवून उचललं तर १.७. निवांत उभं राहिल्यास ०.५.

आणि आता बसण्याचे. टेकून न बसता, जोर लावून पाठ ताठ केली तर ०.५५. खुर्चीत मागे रेलून, आजीला बघवणार नाही असं ओघळून बसलं तर ०.२७, निम्म्याहूनही कमी. अर्थात असं दिवसभर ओघळून राहणाऱ्याची पाठशाळेतल्या बाई गय करणार नाहीत, आणि एका माणसाच्या एका चकतीवरून सगळ्या जगाच्या पाठीचा निकाल लागत नाही, हेही खरं. पण श्रेबरांच्या लोखंडी पट्टीने छातीवर वळ उमटलेल्या पोरांना हे आकडे कळले असते तर बरं झालं असतं.

त्या स्वयंसेवकाकडून त्यांनी आणखीही पुष्कळ काही करून घेतलं. त्याला चालवलं, पळवलं, जिने चढवले, कुशीवर झोपवलं. कुशीवर असताना तो शिंकला, तेव्हा दाब ०.३८ भरला. मग तसाच कुशीवर पडून तो खो खो हसला, तेही मोजलं. तो आकडा आहे ०.१५.